मातीला धुरी दिल्यावर आधी कोण परततं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देऊळगाव राजा तालुक्यात 10 गुंठ्यांचं शेडनेट आहे आणि टोमॅटो-मिरचीच्या बीजोत्पादनाचं हे चौथं वर्ष. रोप उपटलं की मुळांवर हरभऱ्याएवढ्या गाठी दिसतात. फळं धरायच्या वेळी काही झाडं भर दुपारी माना टाकतात, ती पुन्हा उभी राहत नाहीत. कृषी केंद्रवाले म्हणतात, दाणेदार औषध टाका, वरून प्लास्टिक अंथरा, जमिनीचं फ्युमिगेशन, म्हणजे मातीला विषारी वायूची धुरी, करून घ्या. सासरे म्हणतात, त्यानं माती मरते, आणि मेलेली माती पुन्हा जिवंत होत नाही. बाहेरच्या 3 एकरांतल्या तुरीलाही मर लागते, तिथेही हेच करावं का, असंही तुम्ही विचारलंय.

बाहेरच्या वावराचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. कारण शेवटी सांगतो. शेडनेटचं उत्तर मात्र लांब आहे, आणि त्यात सासरे निम्मे बरोबर आहेत.

मी वरूड-मोर्शी पट्ट्यात तीसेक वर्षं संत्र्याची रोपवाटिका केली. फॉर्मेलिन, दाणेदार औषध, उन्हाळ्यातलं प्लास्टिक, सगळं स्वतःच्या वाफ्यांवर करून पाहिलं. मधली काही वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत जिवाणूंच्या वसाहती मोजायचं कामही केलं. त्यामुळे खालचं बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

दुकानात मिळणाऱ्या दाणेदार औषधात बहुधा डॅझोमेट असतं. ते स्वतः वायू नाही. ओल्या मातीत पडलं की फुटतं आणि त्यातून मिथिल आयसोथायोसायनेट नावाचा वायू सुटतो. मोहरी फेसताना नाकात जी झणझणी जाते ती याच कुळातल्या द्रव्याची. मोहरीची रोपं फुलोऱ्यात असताना चिरडून जमिनीत गाडायची पद्धत आहे, तीही याच झणझणीवर चालते, फक्त जोर कमी. नाव ऐकून काहींना भोपाळ आठवतं. 1984 साली तिथे सुटला तो मिथिल आयसोसायनेट. यात मधे 'थायो' आहे, म्हणजे गंधक, आणि द्रव्य वेगळं आहे. तरी डोळे आणि छाती जाळायला हेही पुरेसं आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. जाळीच्या आत, वारा नसताना, तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम कोणी करू नये. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वाफ्यात पुरणारे महाभागही मी पाहिलेत. तो जीवघेणा उद्योग आहे, धुरी नव्हे.

आता मातीत काय होतं ते बघू. हा वायू शत्रू-मित्र ओळखत नाही. सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर त्या गाठी करणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, मरतात, बुरशी मरते, तणाचं उगवू पाहणारं बी मरतं आणि जिवाणूही मरतात. ग्रॅमभर चांगल्या मातीत काही कोटींपासून अब्जापर्यंत जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक मरतात, सगळे नाही. बॅसिलससारख्या जातींकडे जाड कवचाचे बीजाणू असतात. उन्हात, विषात, दुष्काळात ते नुसते पडून राहतात. काही जिवाणू ढेकळाच्या पोटात, जिथे वायू पोचत नाही तिथे, लपून वाचतात. आपल्या काळ्या मातीत अशा ढेकळांना तोटा नाही.

मग पहिल्या आठवड्यात एक गंमत होते. मेलेल्या जिवाणूंची आणि बुरशीची शरीरं म्हणजे तयार जेवण. वाचलेले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 1976 साली याच गोष्टीची मोजपट्टी केली. मातीला मुद्दाम क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, नंतर किती कार्बन डायऑक्साइड जास्त निघाला ते मोजायचं, आणि त्यावरून आधी मातीत जिवंत वजन किती होतं ते काढायचं. म्हणजे धुरीनं मातीचं जे होतं, त्यातूनच मातीचा जिवंतपणा मोजायची रीत निघाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती अजून चालते.

त्याच रॉथॅमस्टेडला 1909 सालीच रसेल आणि हचिन्सन यांना दिसलं होतं की अर्धवट निर्जंतुक केलेल्या मातीत पीक आधीपेक्षा जोमदार येतं आणि मातीत अमोनिया साठतो. कारणाबद्दल त्यांचा अंदाज वेगळा होता, पण दिसलं ते खरं होतं. दुकानदार तुम्हाला 'फ्युमिगेशननंतर झाड कसं हिरवंगार होतं बघा' म्हणून जो फोटो दाखवतो, त्यातला बराच हिरवेपणा या मेलेल्या जिवाणूंच्या नत्राचा असतो. रोग गेल्याचा वाटा त्यात असतोच, पण तो हिरवेपणा बघून वेगळा काढता येत नाही. आणि हे नत्र मातीनं साठवलेल्या ठेवीतलं आहे. दरवर्षी तेवढं निघणार नाही.

आता अमोनियाचं. निरोगी मातीत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोसोस्पायरा कुळातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू पुढे त्याचं नायट्रेट करतात. ही मंडळी नाजूक आणि संथ. बाकीच्यांतले बरेच जिवाणू भरपूर खाणं मिळालं की तासाभरात दुप्पट होतात, तर यांना एका फेरीला बराच वेळ लागतो. धुरीचा फटका यांना जास्त बसतो आणि भरपाईही उशिरा होते, काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत. तेवढ्या काळात मातीत नत्र अमोनियाच्या रूपात तुंबतं. टोमॅटोला निव्वळ अमोनियावर वाढायला आवडत नाही. पानं आखडतात, कॅल्शियम वर चढत नाही, फळाच्या बुडाशी काळा चट्टा येतो. लोक त्याला रोग समजून बुरशीनाशक मारतात. म्हणून धुरी दिलेल्या वाफ्यात पहिला दीड-दोन महिना युरिया आणि अमोनियम सल्फेट बंद ठेवा. ठिबकमधून नत्र द्यायचंच झालं तर कॅल्शियम नायट्रेट, तेही जपून. एवढं दुकानात कोणी सांगत नाही, कारण युरियाही त्याच दुकानातून विकला जातो.

इथे माझं एक नुकसान सांगतो. सुरुवातीच्या काळात रंगपूर लिंबाच्या खुंटांचे (त्यांवर संत्र्याचं कलम बांधतात) वाफे मी मोठ्या हौसेनं निर्जंतुक केले. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीनं डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, होतो, तो रोपवाटिकेतून बागेत जातो, म्हणून स्वच्छ रोपं विकायची होती. बी उगवलं झकास. मग बोटभर झाली आणि थांबली. पिवळी, बुटकी, पानं जांभळट. डीएपी ओतलं, झिंक फवारलं, गांडूळखत घातलं. शेजारच्या वाफ्यात, जिथे प्लास्टिक कमी पडलं म्हणून मी काहीच केलं नव्हतं, तिथली रोपं मजेत होती. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, ही कोणती जात आणि ती कोणती. दोन्ही एकाच फळातली होती!

झालं असं की मुळांबरोबर राहून स्फुरद आणि जस्त ओढून देणारी मायकोरायझा बुरशी मी मारून टाकली होती. लिंबूवर्गीय झाडांना स्वतःचे मूळकेस फार कमी असतात. ती या बुरशीवर जवळजवळ अवलंबून असतात. अमेरिकेत 1972 साली हेच नोंदलेलं होतं: धुरी दिलेल्या रोपवाटिकांतली लिंबूवर्गीय रोपं खुरटतात, कारण मायकोरायझा जाते. मला ते दहा वर्षांनी कळलं असतं तरी चाललं असतं, पण मला कळलं ते वाफे उपटून टाकल्यावर. टोमॅटो-मिरचीला इतका फटका बसत नाही, पण चुनखडीच्या जमिनीत स्फुरद-जस्त आधीच बांधलेलं असतं, तेव्हा थोडा बसतोच.

मग मातीत परत कोण येतं? वखरणी करून मोकळं सोडलेलं वावर पहिल्या पावसानंतर बघा. पहिलं गाजरगवत येतं, कारण त्याचं बी भरपूर आणि वाढ झपाट्याची. हळू वाढणारी, खोल मुळांची झाडं नंतर, मिळाली जागा तर. जिवाणूंचंही तेच. बीजाणूंतून उठलेले बॅसिलस आणि भरभर वाढणारे स्युडोमोनाससारखे आधी जागा घेतात. हळू वाढणारे, अर्धपोटी राहून जगायची सवय असलेले मागे पडतात. त्यामुळे महिनाभरात प्रयोगशाळेत मोजलं तर एकूण जिवाणूंचा आकडा पूर्वीइतकाच, कधी जास्तही येतो. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत आणि शेतकऱ्याला 'माती पूर्ववत झाली' असं सांगितलंय, याचं आज वाईट वाटतं. कारण ताटलीत वसाहती करून उगवतात ते मातीतल्या जिवाणूंतले शंभरात जेमतेम एक. आणि आकडा भरला म्हणजे जाती भरल्या असं नसतं. जातींचा जुना मेळ जमायला बरेच महिने लागतात. दरवर्षी धुरी दिली तर तो जमतच नाही.

सासरे म्हणतात माती मरते. मरत नाही, पण तिच्यातली गर्दी हटते, आणि रिकाम्या जागेवर पहिला हक्क कोणाचा, हे त्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. फ्युसॅरियम, पिथियम, रायझोक्टोनिया या रोगट बुरशी ढेकळात, खालच्या थरात किंवा वाफ्याच्या कडेला उरलेल्या असतात. त्यांना अडवणारे जिवाणू गेलेले असतात. रोपाची कोवळी मुळं आली की त्या सरळ घुसतात. धुरीनंतर दुसऱ्या पिकात आधीपेक्षा जोरात मर आली, असं तुम्हाला चार जण सांगतील. ते खोटं बोलत नाहीत.

त्याआधी तुमची मर कोणती ते बघा, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. माना टाकलेलं झाड बुडाशी आडवं कापा, खोडाचा बोटभर तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली, तर ती जिवाणूजन्य मर, राल्स्टोनियाची. मग धुरीवर पैसे घालू नका. हा जिवाणू खोल थरात, तणांच्या मुळांत, निचऱ्याच्या पाण्यात टिकतो. वरची वीतभर माती स्वच्छ करून तो जात नाही. तिथे टोमॅटोपुरता तरी प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं हाच खरा मार्ग. धार आली नाही आणि खोडाच्या आत तपकिरी रेषा दिसल्या, तर फ्युसॅरियम. गाठी असल्या की बहुधा सूत्रकृमी आणि फ्युसॅरियम एकत्र असतात, कारण सूत्रकृमी मुळाला भोक पाडतात आणि बुरशीला वाट मिळते.

आता काळी माती. हे दाणेदार औषध थंड देशांतल्या हलक्या, वाळूसारख्या मातीत वाढलेलं आहे. आपल्या चिकणमातीत ओल जास्त असली की सूक्ष्म पोकळ्या पाण्यानं भरतात आणि वायू पसरत नाही. ओल कमी झाली की भेगा पडतात आणि वायू भेगेतून वर निघून जातो. नेमका वाफसा सांभाळायचा तर तो दोन-तीन दिवसांचाच असतो. शिवाय मे महिन्याच्या तापलेल्या जमिनीतून वायू भराभर निसटतो. वापरायचंच ठरवलं तर हिवाळ्यात, वाफशावर, रोटाव्हेटरनं माती अगदी भुसभुशीत करून, लेबलवरच्या मात्रेनं, आणि कृषी सहायकांना सोबत घेऊन. शेणखत धुरीआधी घालू नका. कच्चा सेंद्रिय माल वायू शोषून घेतो.

आणि दरवर्षी तर अजिबात नाही. याचं कारण मला फार मजेदार वाटतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात मेटाम सोडियम हे याच वायूचं दुसरं औषध पुन्हा पुन्हा वापरलेल्या शेतांत दिसलं की काही वर्षांनी औषध लागूच पडेना. मातीतल्या काही जिवाणूंनी तो वायूच खायला सुरुवात केली होती! तो आता दिवसांऐवजी तासांत संपत होता. आणि हे जास्त झालं ते विम्ल (अल्कधर्मी), चुना असलेल्या जमिनींत. बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंत आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5, खाली चुनखडी. म्हणजे असे जिवाणू पोसायला आपलं वावर अगदी योग्य.

मग तुमच्या 10 गुंठ्यांत मी असतो तर काय केलं असतं? विदर्भाचं ऊन फुकट आहे, ते वापरलं असतं. एप्रिलच्या शेवटी पीक मुळासकट काढून बाहेर जाळायचं, वाफे मोडून माती बारीक करायची, भरपूर पाणी द्यायचं आणि 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद जमिनीला चिकटून अंथरायचा. काळा नको, पारदर्शकच. कडा मातीत पुरायच्या. आणि वरची हिरवी जाळी तेवढे दिवस गुंडाळून ठेवायची! सावलीत प्लास्टिक अंथरून महिनाभर वाट पाहणारे मी दोन ठिकाणी पाहिले आहेत. उघड्या उन्हात अकोल्या-अमरावतीकडच्या मे महिन्यात वरच्या दोन इंचांत 50 अंशांच्या वर जातं. 4 ते 6 आठवडे पुरतात. वरच्या वीतभरातले सूत्रकृमी आणि बहुतेक रोगट बुरशी जातात, खालचे राहतात. जिवाणूंच्या बाबतीत उष्णतेचा फरक असा की ती हळूहळू चढते आणि उष्णता सोसणारे बॅसिलस, अॅक्टिनोमायसीट आणि त्यांच्याबरोबर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी बऱ्यापैकी टिकतात. नत्रवाले नाजूक जिवाणू इथेही घटतात, पण नंतरची माती रोगाला आपोआप थोडी अडवते. रासायनिक धुरीत हे क्वचित दिसतं.

याला आणखी एक जोड आहे. जपान आणि नेदरलँड्समध्ये ती चांगली मुरलीय. प्लास्टिकच्या आधी चौरस मीटरला किलोभर तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा मातीत मिसळायचा, मग माती पाण्यानं तुडुंब करायची आणि लगेच झाकायची. कोंडा खायला जिवाणू तुटून पडतात, मातीतला प्राणवायू दोन-चार दिवसांत संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू ताबा घेतात आणि अॅसिटिक, ब्युटिरिक आम्लं सोडतात. सूत्रकृमी आणि फ्युसॅरियम त्यात गुदमरतात. वास मात्र पोळ्याला तुंबलेल्या गटारासारखा येतो. घर जवळ असेल तर आधी शेजाऱ्यांना सांगा. 10 गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे टनभर कोंडा. परवडत नसेल तर फक्त सर्वांत वाईट दोन-तीन वाफ्यांत करा. सोयाबीनचं कुटार स्वस्त आहे, पण ते इतक्या भराभर कुजत नाही, त्यामुळे एकट्यानं काम भागत नाही.

प्लास्टिक असो की औषध, काढल्यावर घाई नको. औषध वापरलं असेल तर वायू गेलाय का, हे अळिवानं बघा, बाळंतिणीच्या लाडवातलं तेच. झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत वीतभर खोलीवरून काढलेली धुरीची माती अर्धी भरा, दुसरीत बाहेरची साधी. दोन्हींत वर ओल्या कापसावर चिमूटभर अळीव ठेवा आणि झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत दोन्हींतलं सारखं उगवलं तर वायू गेला. धुरीच्या बरणीतलं मुकं राहिलं तर माती पुन्हा हलवा आणि आठवडा थांबा. ही परीक्षा न करता रोपं लावून सगळी जाळलेले लोक मला माहीत आहेत, त्यांत माझा धाकटा भाऊही आहे.

वायू गेला की त्याच आठवड्यात जिवाणू भरायचे. दुकानातल्या जिवाणू-संवर्धनांच्या पाकिटांवर माझा फारसा विश्वास नाही. 45 अंशांत टिनाच्या खाली ठेवलेल्या पाकिटात काय जिवंत राहणार? शिवाय भरलेल्या मातीत बाहेरचा जिवाणू रुजतच नाही, आधीचे त्याला बसू देत नाहीत. पण धुरी किंवा प्लास्टिकनंतर माती मोकळी असते, आणि वर्षातून हीच एक वेळ असते जेव्हा हा खर्च वसूल होतो. ताजी तारीख बघून, शक्यतो कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या विक्रीतून, ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास आणि बॅसिलस आणा. सूत्रकृमींना मारणारी पॅसिलोमायसिस बुरशी मिळाली तर तीही. हे सगळं पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलं करून, गोणपाट झाकून सावलीत आठवडाभर मुरवा आणि मग वाफ्यात मिसळा. दहा गुंठ्यांना मी दोन ट्रॉल्या शेणखत घालत असे. त्यातले जिवाणू पाकिटातल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रकारचे असतात. मात्र उकिरड्यावरचं अर्धकच्चं खत नको, त्यातून तुम्ही रोग परत आणाल.

रोपं कोकोपीटच्या ट्रेमधली घ्या, शेजारच्या वाफ्यातली उपटून आणलेली नको. दुसऱ्याच्या वावरात फिरून आलेल्या रोटाव्हेटरचे दात धुतल्याशिवाय आत सोडू नका. सूत्रकृमी चालत येत नाहीत, आपण त्यांना मातीतून वाहून आणतो.

एक वाफा मुद्दाम काहीही न करता सोडा, नाहीतर फरक कशावरून कळणार? आणि दोन्हीकडे कोऱ्या मांजरपाटाचा हातरुमालाएवढा तुकडा चार बोटं खोल पुरा, खुणेची काडी रोवा. पाच-सहा आठवड्यांनी काढा. जिथे कापडाची जाळी झाली तिथे कापूस खाणारे जिवाणू-बुरशी परत कामाला लागलेत. जिथे ते घडी करण्याजोगं कोरं निघालं, तिथे अजून शेणखत हवंय.

आता तुरीचं. तुरीची मर फ्युसॅरियम उडमची, आणि तो बुरशीचा प्रकार मातीत वर्षानुवर्षं राहतो. 3 एकर काळ्या मातीला धुरी देणं खर्चात बसत नाही. वर तुरीच्या मुळावर गाठी करून नत्र देणारे रायझोबियम, मायकोरायझा आणि पुढच्या सोयाबीनचे ब्रॅडीरायझोबियम, सगळे जातील. तिथे मर-प्रतिकारक जात लावा, आशा किंवा बीएसएमआर 736 सारखी. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, आणि जमलं तर तुरीत ज्वारीचं आंतरपीक घ्या. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीला मर कमी लागते, हे देशात अनेक ठिकाणी तपासलं गेलंय. आपल्याकडे ज्वारी रानडुकरांपायी आणि भावापायी गेली. तिच्यामागे तुरीची मर वाढली, यात मला नवल वाटत नाही. सासऱ्यांना विचारा, त्यांच्या तरुणपणी त्या 3 एकरांत ज्वारी होती की नाही. बहुतेक हो म्हणतील.

आधी खोड कापून ग्लासात धरा आणि काय दिसलं ते कळवा. धार आली, तर प्लास्टिकचे पैसे वाचवा आणि कलमी रोपांची चौकशी सुरू करा. त्यांना तयार व्हायलाच दीडेक महिना लागतो.